तिसऱ्या रांगेतली अकरावी कबर

"त्याच्या शेजारी माझा बाप झोपलाय, मौलाना."

"ठाऊक आहे. मीच झोपवलाय."

"मग शेजारी कोण आहे ते बघायचं नाही?"

"सव्वीस वर्षं झाली. तुझ्या बापाची काही तक्रार आली का?"

टायरवाल्यानं खुर्ची अशी मागे सारली की तिचे पाय फरशीवर किंचाळले. मशिदीच्या वरच्या मजल्यावरची ही बैठकीची खोली. कधीकाळी खाली फर्निचरचं दुकान होतं, तेव्हा हे गोदाम. लांब टेबल, सात खुर्च्या. त्यातल्या तीन आज रिकाम्या होत्या, कारण तिघांना नेमकं आजच आजारपण सुचलं होतं. टेबलाच्या एका टोकाला मौलाना, वय एकाहत्तर, हातांची कातडी आयुष्यभर सोड्याच्या पाण्यात भिजल्यासारखी पांढुरकी. आणि ती भिजलीही होती. समोर समितीचा अध्यक्ष, धंद्यानं दातांचा डॉक्टर. त्याच्या बाजूला चिटणीस, म्हणजे हाच, हमरस्त्यावर ज्याचं टायरचं मोठं दुकान आहे तो. आणि खिडकीपाशी मौलानांची बायको. तिला सगळी वस्ती खाला म्हणते.

 मांडीवर पांढरं सुती कापड घेऊन ती कफनाचे तुकडे बेतत होती. बाईला पाच लागतात, पुरुषाला तीन. कुणी मेलेलं नव्हतं, पण मरण सांगून येत नाही आणि दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून कपाटात दोन संच कायम तयार असायचे. समितीत बाईमाणूस कशाला, असं कुणीतरी एकदा विचारलं होतं. तिनं एकदाच उत्तर दिलं होतं: "तुमच्या आयांना शेवटची आंघोळ मी घालते, तेव्हा जरा बेतानं बोला." त्यानंतर तिची खुर्ची कुणी हलवली नाही.

भांडण कशावरून होतं, तर खाली मुलांच्या वर्गात बसलेल्या एका बाईवरून. सकाळीच आली होती, दोन दिवसांचा प्रवास करून. पन्नाशीची, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भावाचा एक फोटो आणि इथल्या इस्पितळाचा एक कागद. भाऊ चोविसाव्या वर्षी बांधकामावर मजुरीला म्हणून या देशात आला, पहिली दोन वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. आता इतक्या वर्षांनी इस्पितळानं जुन्या फायली उघडल्या तेव्हा तिला कळलं, की तो परांचीवरून पडून गेला होता आणि त्याचं प्रेत 'त्याच्या समाजाच्या' स्वाधीन केलं होतं. समाज म्हणजे ही मशीद. कबर म्हणजे तिसऱ्या रांगेतली अकरावी.

फक्त तो या समाजाचा नव्हता. मुसलमानच नव्हता. त्यांच्याकडे दहन करतात.

बातमी तीन आठवड्यांपूर्वी तिच्या पत्रातून आली आणि वस्तीभर झाली. ज्यांची माणसं तिसऱ्या रांगेत होती ते सगळे डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बसले. दात दुखत नसताना. डॉक्टरनं मग मार्ग काढला. नगरपालिकेत विचारून आला. कबर उघडायला परवानगी मिळते, पण ज्यानं पुरलं त्याला लेखी द्यावं लागतं की चुकून पुरलं. म्हणून त्यानं एक कागद टाइप करून आणला होता. त्यावर एकच वाक्य होतं: मृत व्यक्ती आपल्या धर्माची नाही हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. खाली सहीची जागा.

सही झाली की अस्थी काढून बाईच्या हवाली करायच्या, मानानं, व्यवस्थित पेटीत. सही नाही झाली, तर उद्याच्या शुक्रवारी मौलानांनी खुतब्याला, म्हणजे प्रवचनाला, मिंबरावर चढायचं नाही. हे दुसरं वाक्य डॉक्टरनं इतक्या मऊ आवाजात सांगितलं, की खालाला त्याची सुई आठवली. सुई टोचण्याआधी तो असाच बोलतो.

या डॉक्टरला मौलानांनीच अक्षरओळख करून दिली होती. सहा वर्षांचा होता, अलिफ काढताना जीभ बाहेर काढायचा, आणि मौलाना त्याचा कान पिरगाळायचे. मोठा झाल्यावर त्यानं मौलानांच्या दोन दाढा काढल्या, पैसे न घेता. खालाच्या मनात आलं, आज जीभ काढायला बसलाय.

*

खालाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या अम्मीनं पाहुण्यारावळ्यांत सांगितलं होतं की जावई परदेशात इमाम आहे. चार महिन्यांनी ती इथे उतरली. तो न्यायला आला होता, अंगाला साबणाचा वास, डोक्याला टोपी. घरात सामान टाकल्यावर तिनं पहिलं विचारलं, मशीद कुठे आहे. तो म्हणाला, चल दाखवतो. इस्पितळाच्या मागच्या दारानं तळघरात घेऊन गेला. तिथे माणूस उभा मावेल एवढी धुण्याची यंत्रं होती, वाफ होती, आणि शेवटी चादरी वाळवायची एक गरम खोली. भिंतीवर खडूनं मक्केच्या दिशेचा बाण काढलेला. "ही," तो म्हणाला.

ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की अम्मीला इमाम का सांगितलं. तो म्हणाला, चार जणांचा का होईना, आहेच.

तो इस्पितळातला धोबी होता. दिवसाला चारशे चादरी. लहानपणी गावातल्या गळक्या मदरशात कुराण पाठ केलेलं, पण पदवीचा कागद नाही. इथे कामाला लागला तेव्हा यंत्रांच्या घरघरीत मोठ्यानं पठण करायचा, कारण त्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही. एका सफाईवाल्याला मात्र ऐकू गेलं. मग स्वयंपाकघरातला एक, मग स्ट्रेचर ढकलणारे दोघे. वाळवणाच्या खोलीत उभे राहायला लागले. मुकादमानं पकडलं तेव्हा दरडावून विचारलं, कामाच्या वेळात हे काय. याचं उत्तर तयार होतं: चादरी वाळायला अकरा मिनिटं लागतात, नमाजाला सात. उरलेली चार तुमची, घ्या.

मुकादम हसला म्हणून नोकरी वाचली. नाहीतर या माणसाच्या जिभेनं खालाचा संसार केव्हाच उघड्यावर आला असता.

नदीपलीकडे एक जुनी मशीद होती, शिकलेल्या, मोटारवाल्या लोकांची. तिथल्या पदवीधर इमामानं याचं नाव ठेवलं धोबी मौलाना. नाव इकडे पोचलं तेव्हा वस्तीतली पोरं मारायला निघाली. यानं त्यांना बसवलं आणि म्हणाला, खोटं काय आहे त्यात? पुढच्या शुक्रवारी स्वतःच पाटी लिहिली, नमाज अमुक वाजता, धोबी मौलाना. मग चिडवणाऱ्याची मजाच गेली.

हे फर्निचरचं दुकान बंद पडलं तेव्हा भाड्यानं घेतलं. रस्त्याच्या बाजूला पंधरा हात लांब काच. बाहेरून जाणाऱ्या येणाऱ्याला आतले वाकलेले पाठमोरे दिसायचे. जुनीजाणती माणसं म्हणाली, काचेला रंग लावू, उगाच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं. मौलाना म्हणाले, "चोरी करतोय का आपण? बघू दे. चार दिवस बघतील, कंटाळतील." चौथ्याच दिवशी दगड आला. नवी काच बसवली. पुन्हा दगड. तिसऱ्या वेळी काचवाला कारागीरच म्हणाला, मौलाना, विटा लावा, मलाही तुमच्याकडून पैसे घ्यायची लाज वाटायला लागली. यांनी सांगितलं, काच लाव, आणि दगड येऊन पडला ती जागा नीट झाडून दे, लहान मुलं अनवाणी येतात. त्यानंतर दगड आला नाही. का आला नाही हे कुणाला ठाऊक नाही. मौलाना कंटाळले नाहीत म्हणून मारणारा कंटाळला, असं खालाचं मत.

पण हट्टाची किंमत घरातही वसूल होतेच. त्यांचा मोठा मुलगा उत्तम पठण करायचा. सोळाव्या वर्षी भर मशिदीत, दोनशे माणसांसमोर, बापानं त्याचा एक उच्चार तीनदा दुरुस्त केला. चौथ्यांदा म्हणायच्या ऐवजी पोरगा उठून गेला, आणि पुढे गाव सोडून गेला. आता फोन करतो तो आईला. बाप शेजारी बसलेला असतो, वर्तमानपत्र उलटं धरून. खालानं कितीदा सांगितलं, एक शब्द मागे घ्या. तो माणूस शब्द मागे घेणाऱ्यांतला नव्हता. उच्चार चुकला होता म्हणे.

कब्रस्तानाचंही तसंच. आधी कुणी मेलं की प्रेत दोनशे मैलांवरच्या शहरात न्यावं लागायचं. नगरपालिकेच्या सभेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. मौलाना कामावरून थेट जायचे, साबणाच्या वासासकट, आणि तीन मिनिटांतले दहा सेकंदच वापरायचे: "आम्ही इथे राहतो, इथेच मरतो. जागा द्या." बसायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. सहा वर्षं. शेवटी सभापती वैतागून म्हणाले, तुम्ही काय म्हणणार ते आम्हाला पाठ झालंय. मौलाना म्हणाले, मग द्या.

मिळाली ती जुन्या वीटभट्टीमागची जमीन. पहिल्या चार कबरी पहारीनं फोडाव्या लागल्या.

आणि मग तिथे तो आला. थंडीचे दिवस. इस्पितळाच्या शवागारातल्या कारकुनानं धुण्याच्या खोलीत फोन केला: तुमचा एक माणूस आहे, नऊ दिवस झाले, उद्या न्यायला कुणी आलं नाही तर कापाकापीला विद्यार्थ्यांकडे जाईल. कंत्राटदार पळालेला, कागदपत्र एक नाही. 'तुमचा' हे कारकुनानं कशावरून ठरवलं, तर रंगावरून आणि डोक्यावरच्या लोकरी टोपीवरून. मौलाना गेले. आणला, आंघोळ घातली, कफन चढवलं, पाच जणांनी नमाज पढला, तिसऱ्या रांगेत अकरावी कबर. नोंदवहीत नावाच्या जागी लिहिलं: एक मुसाफिर.

त्या दिवशी ते घरी आले. खालानं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मग म्हणाले, "त्याच्या नखांत सिमेंट होतं. निघालं नाही." तेवढंच. तिनं पुढे विचारलं नाही.

विचारायचं नसतंच. मयताला आंघोळ घालणाऱ्याला जे दिसेल ते त्याच्यापाशीच राहतं. गेलेल्याच्या अंगावरचं व्यंग, व्रण, लाजेची गोष्ट, काहीही असो, झाकायची. त्याच्या आईला सांगायची नाही, काझीला सांगायची नाही. खालाच्या पोटात अर्ध्या वस्तीची गुपितं होती. एका आजीच्या खांद्यावर गोंदलेलं नाव होतं, नवऱ्याचं नव्हतं. आजीला चार मुलगे, त्यातला एक आज समितीत आजारी पडलेल्या तिघांपैकी. खालानं त्या खांद्यावर दोनदा जास्त पाणी ओतलं, कापड ओढलं, संपलं. नवऱ्याला कधी सांगितलं नाही. नवऱ्यानं तिला सांगितलं नाही. एका छपराखाली दोघं अशी, दोन कुलपं लावलेल्या पेट्यांसारखी.

*

डॉक्टर आता मुद्द्यावर आला. घसा खाकरला, खालाकडे पाहिलं, पाहणं सोडलं.

"खाला, तुमच्यासमोर बोलायला संकोच वाटतो."

"मी चाळीस वर्षं माणसं धुतेय रे. बोल."

मग त्यानं बोलून टाकलं. मुसलमान पुरुषाची सुंता झालेली असते. त्याची झालेली नसणार. आंघोळ घालणाऱ्याला हे कळत नाही असं कसं म्हणायचं? लोक हाच प्रश्न विचारतायत. चूक झाली असेल तर चूक कुणाकडूनही होते, सही करा, विषय संपला. पण माहीत असून पुरलं असेल, तर ते लोकांपासून सव्वीस वर्षं लपवलं असं होईल, आणि मग तो, डॉक्टर, मौलानांना वाचवू शकणार नाही.

मौलाना म्हणाले, नाभीपासून गुडघ्यापर्यंत कापड असतं आणि हात कापडाखालून फिरतो, हे मी तुम्हाला वर्गात शिकवलंय.

"म्हणजे माहीत नव्हतं?"

"म्हणजे मी शिकवलंय."

टायरवाला उसळला. हे शब्दांचे खेळ पुरे झाले म्हणाला. दर शुक्रवारी तो बापाच्या कबरीवर जातो, आता शेजारी उभं राहायला पाय धजत नाहीत, कोण कुठला, काय पूजत होता काय माहीत. त्याच्या मुलांनी काय समजायचं? आणि नदीपलीकडचे तर हसतायतच, म्हणे धोब्यानं कपडे अदलाबदल केले.

मौलानांनी कागद स्वतःकडे ओढला, चष्मा लावला, ते एक वाक्य वाचलं, आणि कागद पुन्हा टेबलाच्या मधोमध सरकवला. खाली बसलेल्या बाईशी आपण सकाळी बोललो, असं ते म्हणाले. तिला पेटी नको आहे. दोन दिवस गाडीत बसून ती भाऊ उकरायला आलेली नाही. कुणीतरी त्याच्या डोक्याशी उभं राहून दोन चांगले शब्द बोललं, एवढं ऐकूनच तिनं तोंडाला पदर लावला. तिला जागा बघायची आहे आणि दगडावर त्याचं खरं नाव हवं आहे, त्याच्या लिपीत.

"आपल्या कब्रस्तानात? त्यांच्या लिपीत?" टायरवाला उठून उभा राहिला.

"सहा वर्षं दर सोमवारी मी काय म्हणत होतो? आम्ही इथे मरतो, जागा द्या. त्यांनी तुझा माझा धर्म विचारून दिली नाही. आता मी दारात उभा राहून मेलेल्याला विचारू, की तू कोण?"

"पण नियम," डॉक्टर म्हणाला.

"नियम मलाही येतात. तुला मीच शिकवले. त्याला उकरणार नाही. तुम्हाला उकरायचा असेल तर पहार घेऊन या, मी तिथेच बसलेला असेन."

डॉक्टर लाल झाला. मऊ आवाज गेला. सरळ म्हणाला, मग उद्या खुतबा दुसरं कुणीतरी देईल, मी नदीपलीकडच्यांना विचारलंय, त्यांच्याकडे पदवीधर आहे. खालाची कात्री कापडात अडकली. चाळीस वर्षं या माणसानं एक शुक्रवार चुकवला नव्हता. ताप असताना, पाय मोडला होता तेव्हा खुर्चीवर बसून, मुलगा निघून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. शुक्रवार काढून घेतला तर त्याच्यापाशी राहतं काय? दोन सदरे आणि ही जीभ. तिला वाटलं, कर बाबा सही, एवढं एकदा कर. आणि दुसऱ्याच क्षणाला त्या मुसाफिराच्या नखांतलं सिमेंट आठवलं, जे तिनं पाहिलंही नव्हतं.

तिनं कात्री सोडवली. टायरवाल्याकडे वळली. त्याला ती लहानपणापासून नावानं नाही, पोरा म्हणून हाक मारायची.

"पोरा, मयताला आंघोळ घालायला दोन माणसं लागतात. एक चोळतो, एक पाणी ओततो. त्या दिवशी पाणी कोण ओतत होतं, ठाऊक आहे तुला?"

त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरलाही नव्हतं. मौलाना म्हणाले, "राहू दे." ती म्हणाली, काय राहू दे, मयताच्या अंगावर काय दिसलं ते सांगायला बंदी आहे, तांब्या कोणाच्या हातात होता ते सांगायला नाही.

"तुझ्या बापानं ओतलं. इस्पितळात स्ट्रेचर ढकलायचा ना तो, त्यानंच शवागारातून वर आणला. आमच्या घरी येऊन मला म्हणाला, भाभी, पाणी कोमट केलं होतं हो, फार गारठलेला होता बिचारा. त्यानंतर पाच आठवड्यांत तो स्वतः गेला. कबरी ओळीनं खोदतात. पुढचा नंबर त्याचा आला."

 खालच्या रस्त्यावरून एक टेम्पो गेला, खिडकीची तावदानं थरथरली. टायरवाला उभा होता तो बसला. मोठा, दणकट माणूस, हातांवर रबराचा काळा थर जो कितीही धुतला तरी जात नाही. तो टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिला. त्या एका वाक्यात आता दोन माणसं होती, हे त्याला कळत होतं. मौलानांना माहीत होतं म्हटलं, तर बापालाही माहीत होतं. माहीत नव्हतं म्हटलं, तर अकरावी कबर उघडणार, आणि ज्याला बापानं कोमट पाणी घातलं त्याला पोरगा बाहेर काढणार.

डॉक्टरनं पेन पुढे केलं, सवयीनं. कुणी घेतलं नाही.

टायरवाल्यानं मान वर केली. आवाज वेगळाच लागला, लहान.

"मौलाना, अब्बांना माहीत होतं?"

मौलानांनी चष्मा काढला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला. त्याच्याकडे पाहिलं, चांगलं पोटभर पाहिलं, जसं ते कधी कुणाकडे बघत नसत. खालाला क्षणभर वाटलं, सांगतो आता. तिलाही ऐकायचं होतं; खोटं कशाला बोला, सव्वीस वर्षं ऐकायचं होतं. पण ते टेबलाला तळहात टेकून उठले, गुडघे सरळ व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लावला, आणि दाराकडे निघाले. डॉक्टर मागून म्हणाला, मौलाना, खालच्या बाईला काय सांगायचं ते आधी इथे ठरू दे. टायरवाल्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी जवळजवळ स्वतःलाच.

मौलाना जिना उतरायला लागले होते.